लुईसचा क्लब आणि आपल्या पेठा

२०२५ मध्ये फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा हंगाम लीग चालवण्याच्या हक्कांच्या करारात अडकला, वेळेवर सुरूच झाला नाही, आणि कोल्हापूरच्या आमच्या मित्रमंडळींत जुना वाद पुन्हा पेटला. एक गट म्हणतो, बड्या उद्योगपतींनी पैसा ओतल्याशिवाय आपलं फुटबॉल वर येणार नाही. दुसरा म्हणतो, पेठांचं, म्हणजे तालमींच्या संघांचं फुटबॉल म्हणजे नुसती ईर्षा आणि हुल्लडबाजी, त्यातून काय निघणार? मला यातलं काहीच पटत नाही, आणि त्याला कारण आहे इथलं, इंग्लंडमधलं लुईस नावाचं एक छोटं गाव.

मी ब्रायटनला राहतो. लुईस रेल्वेने पंधरा मिनिटांवर, वस्ती साधारण १७ हजार. तिथला लुईस एफसी हा क्लब १८८५ चा, आणि तेव्हापासून त्याचं मैदान एकच, ड्रिपिंग पॅन. जमीन खोलगट, कडेने गवताचे उंचवटे, शेजारून रेल्वे जाते. पुरुषांचा संघ सातव्या पायरीवर, म्हणजे नॉन-लीग. वरच्या चार व्यावसायिक श्रेणींशी त्याचा संबंध नाही. इथे बिअरचा ग्लास हातात धरून मैदानालगत उभं राहता येतं, वरच्या पाच श्रेणींत कायद्याने ते चालत नाही. मध्यंतरात लोक मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जातात, कारण आपला संघ आता तिकडे गोल मारणार असतो. कुणी हटकत नाही.

या क्लबलाही मोठं व्हायची घाई भोवली आहे. २००८ मध्ये तो प्रथमच पाचव्या श्रेणीत चढला. तिथला खर्च पेलला नाही, वर्षभरात खाली आला, कर थकला आणि क्लब गुंडाळला जायची वेळ आली. २०१० मध्ये गावातल्या काही समर्थकांनी तो ताब्यात घेतला. वर्षाला थोडी वर्गणी भरायची आणि मालक व्हायचं. वर्गणी कितीही द्या, मत एकच. संचालक मंडळ हे मालकच निवडून देतात. जादू मात्र झाली नाही. पुढच्याच वर्षी पुरुषांचा संघ आणखी एक पायरी घसरला. तरी क्लब टिकला.

आणि २०१७ मध्ये या छोट्या क्लबने पुरुष आणि महिला संघांना समान मोबदला द्यायचं ठरवलं. त्याआधी कुठल्याही व्यावसायिक किंवा निमव्यावसायिक क्लबने हे केलं नव्हतं. महिला संघ २०२३ मध्ये महिलांच्या एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि याच मैदानावर मँचेस्टर युनायटेडशी ३-१ ने हरला. २०२४ मध्ये तो खालच्या श्रेणीतही घसरला. समान मोबदल्याचा निर्णय मात्र मालकांनी मागे घेतला नाही.

आता आपल्याकडे पाहा. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला, त्याची जागा हैदराबादला गेली आणि तिथून २०२५ मध्ये दिल्लीला. पुण्याच्या प्रेक्षकाला कुणी विचारलं का? विचारण्याची सोयच नव्हती. ज्या संघात गावाला मत नाही, तो उद्योगपतीच्या मर्जीवर जगतो, म्हणून पैशाचा मुद्दा मला दुय्यम वाटतो.

पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या कोल्हापूरच्या पेठांतल्या संघांना मात्र दुसऱ्या शहरात हलवणं अशक्य आहे. शाहू स्टेडियमवर लोक उगाच लोटत नाहीत. पेठेची ईर्षा ही आपली पुंजी आहे आणि लुईसच्या गावकऱ्यांना ती आपल्याइतकी उपजत मिळालेली नाही. हाणामारी थांबलीच पाहिजे, पण त्यासाठी फुटबॉलच्या नावाने बोटं मोडू नका.

आपल्याला तालमींकडून काय हवं, ते स्पष्ट मागू या. सभासद नोंदवा, बायकांनाही. हंगाम संपला की जमाखर्च सगळ्यांसमोर मांडा. बाहेरचा खेळाडू किती पैशात आणायचा, यावर सभासदांचं मत घ्या. आणि मुलींचा संघ काढा, त्यांचे सामने शाहू स्टेडियमवर ठेवा, दुपारच्या त्याच वेळी, जेव्हा पेठ पाहायला येते.