वहीतले ३३६ चौकोन

मागच्या महिन्यात एक उद्योग करून पाहिला. आठवड्याचे तास १६८. वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाचे ३३६ चौकोन आखले आणि जे केलं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलं. पहिले दोन दिवस चक्क खोटं लिहिलं. वही दुसरं कुणी बघणार नव्हतं, तरीही! तिसऱ्या दिवशी लाज सोडली.

तुझ्यासाठी महत्त्वाचं काय, असं विचारलं तर माझं उत्तर पाठ असतं: तब्येत, घरची माणसं, लिखाण, जर्मन शिकणं. वहीत लिखाणाला चार चौकोन. आईशी निवांत बोलण्याला एक, त्यातही मी 'हं, हं' करत मेल चाळत होते. जर्मनला शून्य. आणि 'फोन, असंच' या नावाखाली एक्केचाळीस.

यावर माझा पहिला विचार काय असावा? उद्यापासून पहाटे पाचला उठायचं! म्हणजे आणखी एक भर.

ही खोड माझी एकटीची नाही. २०२१ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात एक अभ्यास आला होता. लेगोच्या ठोकळ्यांचं डगमगणारं छप्पर पक्कं करायचं, जास्तीच्या प्रत्येक ठोकळ्याला पैसे पडणार. खरं तर एक ठोकळा काढला की काम फत्ते. पण निम्म्याहून जास्त लोकांना ते सुचलंच नाही. 'काढायला पैसे पडत नाहीत' एवढं सांगितल्यावर काढणारे ४१ टक्क्यांवरून ६१ टक्क्यांवर गेले. काढूनही चालतं, हे आपल्याला कुणीतरी सांगावं लागतं.

मग मी जर्मन काढलं. सोपं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी भरलेली फी, अर्धवट सोडवलेली पुस्तकं, 'मी जर्मन शिकतेय' असं सांगताना वाटणारी ऐट, सगळं आडवं आलं. नीट विचार केला तेव्हा कळलं की ती हौस सहा वर्षांपूर्वीच्या मुलीची होती. तिला परदेशी जायचं होतं, मला आता जायचंच नाहीये. २०१३ च्या एका अभ्यासात १९,००० हून अधिक लोकांना विचारलं होतं. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, हे लोक मान्य करतात. पण पुढच्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असंही त्यांना वाटतं. मग जुन्या याद्या आपण तशाच पुढे ओढत राहतो, आणि त्या पुऱ्या होत नाहीत म्हणून स्वतःला आळशी म्हणतो. मी आळशी आहेच, पण या बाबतीत नव्हते.

क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडताना बोट दोनदा मागे आलं. सोडल्यावर कुणी विचारलंसुद्धा नाही, हे जरा लागलं.

पुस्तकं एका शिकणाऱ्या मुलीला दिली. कप्पा रिकामा झालाय. परवा रात्री जलरंगाच्या क्लासची जाहिरात उघडून बसले होते, फॉर्ममध्ये नावही भरलं होतं. तो अर्धा तास वहीत मांडलाय. 'फोन, असंच'मध्ये.