चिकटू नये म्हणून

टेक्ससमध्ये राहिलं की माणसाला आज ना उद्या रायफल चिकटतेच. मला ती शेजाऱ्यामुळे चिकटली, आणि बेडिंगचं खूळही त्याचंच.

अक्रोडाचा दस्ता दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. त्यात बसवलेली ॲक्शन, म्हणजे गोळी भरून झाडणारा रायफलचा पोलादी भाग, मग गोळीगणिक केसभर सरकते आणि १०० यार्डांवर त्या केसाचे इंच होतात. (माझा नेम एरवीही चुकतो, पण आता दोष द्यायला लाकूड मिळालं.) यावरचा उपाय म्हणजे बेडिंग: दस्त्याच्या खाचेत एपॉक्सी भरायचं, त्यात ॲक्शन बसवायची आणि २४ तास हात लावायचा नाही. तिच्या अंगाचा हुबेहूब साचा तयार.

मेख पुढेच आहे. एपॉक्सी लाकडाला जन्मभर चिकटलं पाहिजे, पोलादाला अजिबात नाही. म्हणजे बाजारातला सगळ्यात चिवट गोंद आणायचा आणि तो चिकटू नये म्हणून अख्खा शनिवार राबायचं. ॲक्शनला बुटाचं पॉलिश चोळा, वाळू द्या, पुन्हा चोळा. स्क्रूच्या भोकांत पोराची क्ले कोंबा. रिकॉइल लगला, म्हणजे ॲक्शनच्या पोटाखालच्या ठोकळ्याला, पुढून, बाजूंनी आणि खालून टेप लावा. मागची बाजू तेवढी उघडी, कारण सगळा धक्का तिनेच सोसायचा असतो. प्रत्येक घरात अशी एक बाजू असते. नाव घेत नाही.

रायफल रिकामी आहे ना, हे मी इतक्यांदा पाहिलं की बायको म्हणाली, "गॅस बंद केलाय का, हे कधी एवढं पाहिलंस का रे?" ओघळलेलं एपॉक्सी ओलं असतानाच पुसायला तिचं व्हिनेगर पळवलं, तेही तिने सोसलं. पण ॲक्शन अडकलीच तर फ्रीझरमध्ये ठेवतात, पोलाद आक्रसून सुटतं, हे ऐकल्यावर तिने दारच अडवलं. "माझ्या पुरणपोळ्यांशेजारी बंदूक? जमणार नाही."

रविवारी संध्याकाळी स्क्रू काढले, रबरी हातोडीने हलकेच ठोकलं आणि 'टक्' करून ॲक्शन सुटली. आत आरशासारखा गुळगुळीत साचा! आता नळी दस्त्याला कुठे टेकत नाही ना, हे बघायचं. त्यासाठी मधून डॉलरची नोट सरकवतात. नोट सुळकन गेली. या छंदात डॉलर सुळकन जातात, ही माहिती मला जुनीच होती.

शेजाऱ्याने साच्यावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि म्हणाला, "झकास! मला कधी धीरच झाला नाही. माझी रायफल कधी घेऊन येऊ?"