एका ताऱ्याला मालकिणीचं उत्तर

नमस्कार.

आमच्या मासिकाला नेटवर एकच तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते थोडक्यात असं, की आमच्या ऑगस्ट अंकातलं चित्रपट परीक्षण तुम्ही जुलैत नेटवर टाकलेलं परीक्षणच आहे आणि खाली नाव मात्र भलत्याचंच आहे. मेलला उत्तर नाही. ऑफिसात फोन केलात तर ‘अहो, नेटवरचं सगळ्यांचंच असतं’ असं ऐकावं लागलं. एप्रिलमधला लेखही चोरीचा. तेव्हा असल्या चोरांचं मासिक कुणी घेऊ नये. यातलं एप्रिलच्या लेखाचं मला मान्य नाही, त्याबद्दल खाली लिहिते. शेवटच्या वाक्याबद्दल मी काय बोलणार, माझं पोट त्यावर आहे. बाकी सगळं खरं आहे.

शनिवारी दोन्ही मजकुरांचे प्रिंट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि जुळणाऱ्या ओळींखाली लाल पेनाने रेघा मारायला घेतल्या. दुसऱ्या परिच्छेदानंतर उलटं केलं, न जुळणाऱ्या ओळी मोजल्या. दोन पानांत अकरा निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा ‘मी’चं ‘आपण’ केलेल्या.

पण मला लागलं ते वेगळंच. तुम्ही लिहिलंय की दादरला प्लाझात पावसात भिजत गेलात, आणि मध्यंतरात वडा खाताना बाबा म्हणाले, ‘हा नायक रडतो तेव्हा आधी कॅमेऱ्याकडे बघून घेतो.’ आमच्या अंकात बाबांचे ‘शेजारच्या खुर्चीतले एक ज्येष्ठ प्रेक्षक’ झालेत. संपादक म्हणून मला तेच वाक्य सगळ्यात आवडलं होतं. पानावर मधोमध चौकट करून मोठ्या टायपात मीच लावलं. म्हणजे जे तुमच्या घरचं होतं, नेमकं तेच मी वर काढून मिरवलं.

ते कळायला हवं होतं का? हो. आमचे डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारे, सगळा मजकूर श्रीलिपी या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात. नेटवरचा मजकूर युनिकोड या वेगळ्या अक्षरपद्धतीत असतो. तो उचलून, श्रीलिपीत बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला की कधी कधी जोडाक्षरं फुटतात. आमच्या त्या पानावर ‘दुसऱ्या’ आणि ‘बिचाऱ्या’ या शब्दांत चौकोन आलेत, तीन ठिकाणी. प्रूफ मी वाचलं होतं. चौकोन दिसले, खूण केली, दुरुस्तीत ते सुटले, आणि हा मजकूर युनिकोडात कुठून आला हे विचारायचं मला सुचलं नाही.

लेखकाला बोलावून विचारलं. ‘नाव कुठे दिसलं नाही’ म्हणाले. तुमच्या परीक्षणाखाली ते अगदी ढळढळीत आहे. यापुढे ते आमच्याकडे लिहिणार नाहीत. त्यांचं नाव अंकात छापलेलंच आहे, इथे पुन्हा घेत नाही. मात्र सगळं त्यांच्या गळ्यात घालून मोकळी होणार नाही. आम्ही एका परीक्षणाला ८०० रुपये देतो. त्यात तिकीट, लोकल आणि बाराशे शब्द. शुक्रवारी लागलेला सिनेमा आमच्या पाच तारखेच्या अंकात येईपर्यंत शिळा झालेला असतो, म्हणून लिहिणाऱ्यालाही वाटतं की थिएटरात गेलो काय आणि नाही काय, कोण बघतंय? ही सवय आम्हीच लावली. आता तिकिटाचे पैसे वेगळे देऊ आणि तिकिटाचा फोटो आल्याशिवाय परीक्षण घेणार नाही.

फोनवर बोलले ते आमचं वितरण बघणारे काका. वयाने मोठे आहेत म्हणून त्यांना इथे बोलत नाही, ऑफिसात मी बोलले. नेटवर टाकलं म्हणजे वाटून टाकलं, हा समज छापणाऱ्या मंडळींत फार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्या क्षणी तयार होतो, नोंदणी लागत नाही. लेखकाने हक्क विकले तरी कलम ५७ खाली ‘हे मी लिहिलंय’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. कलम ५२ मध्ये सवलत आहे ती समीक्षा करताना दुसऱ्याच्या कृतीतला भाग रास्त प्रमाणात घेण्याची. अख्खी समीक्षाच उचलण्याची नाही. ‘लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही आमची छापील ओळही इथे कामाची नाही. तिच्या वरच्या ओळीत मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून नावं असतात. छापील मजकुरावर अशी नावं घालायला १८६७ च्या कायद्याने लावलं ते काही चुकलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणूनच. माझं नाव तिथे आहे. तेव्हा मला धरा.

आता एप्रिलचा लेख. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये धड वेळेचे खेळ मिळत नाहीत, हे तुम्हीही लिहिलंत आणि आम्हीही. पण ही तक्रार तुमचीही नाही आणि आमचीही नाही. २०१५ मध्ये सरकारने मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ देण्याचं फर्मान काढलं ते याच तक्रारीवरून. तो लेख तुमच्या लेखाशी ताडून पाहिला. एकही वाक्य जुळत नाही. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय, तेही एका नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या तक्रारीत. तेवढा आरोप मागे घेतलात तर बरं वाटेल. नाही घेतलात तरी बाकीची माफी तशीच आहे.

तुमचा मेल मिळाला नाही, कारण अंकावर छापलेला पत्ता दोन वर्षांपूर्वी बंद पडलाय. हे मला तुमच्याकडून कळलं. गंमत म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी एका दैनिकाने आमचा लेख रविवार पुरवणीत बिननावाने छापला होता. त्यांनी चार पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. ती फाइल अजून कपाटात आहे.

सप्टेंबरचा अंक छापून गेलाय. ऑक्टोबरच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच जागेत तुमचं मूळ परीक्षण तुमच्या नावाने आणि वर आमचा खुलासा छापायचा आहे, अर्थात तुमची परवानगी असेल तरच. स्टॉलवरून परत आलेल्या ऑगस्टच्या प्रती रद्दीत घातल्यात आणि पीडीएफमधून ती दोन पानं काढलीत. मानधन तुम्हाला नव्याने देणार. आधीचे ८०० भलत्याच्या खिशात गेले, तो आमचा तोटा.

नेटवर तुम्ही फक्त आद्याक्षरं लिहिता, तेव्हा अंकात नाव कसं घालायचं ते कळवा. चालू मेल आता वर ऑफिसच्या पत्त्याखाली टाकलाय. चौकट ठेवायची की काढायची तेही सांगा. ठेवली तर आत ‘बाबा’ असतील.