दोन दिवसांत सोलापूर कसं उरकावं

वैशाख लागला की पुण्या-मुंबईतल्या सोलापूरकरांच्या मोबाइलवर पत्रिका येऊन पडायला लागतात. लग्न, वास्तुशांत, डोहाळजेवण, साठीशांत. आणि सगळं एकाच शनिवार-रविवारी, कारण तुमच्यासारख्या नोकरदारांची सोय बघूनच म्हणे तारखा धरलेल्या असतात. घाबरू नका. नीट आखणी केलीत तर दोन दिवसांत चार कार्यक्रम, पाच मित्र आणि एक देवदर्शन सहज बसतं. फक्त त्यात कुणाशी बोलायचंही आहे, असला हट्ट धरू नका.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेस धरा. ती पुण्याहून संध्याकाळी सहाला सुटते, म्हणजे ऑफिसातून चारलाच सटकायला हवं. साहेबांना 'गावाकडं जवळच्यांचं आहे' एवढंच सांगायचं. काय आहे, ते सांगायचं नाही. त्यांचा चेहरा आपोआप गंभीर होतो.

उतरायचं कुठं, हे प्रेमावरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. उजनी भरलेलं असो की तळाला गेलेलं, शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि कुठल्या पेठेत कधी येतं याचं पंचांग घरोघरी तोंडपाठ असतं. ऐन पाण्याच्या दिवशी पोचलात तर भल्या पहाटे घागरी भरायला उठवतील. आदल्या दिवशी पोचलात तर अर्ध्या बादलीत आंघोळ आटोपून वर 'झाली की व्यवस्थित' म्हणावं लागेल. तेव्हा जिथं कालच पाणी येऊन गेलंय असं घर शोधा. सख्ख्या आत्याचं पाणी सोमवारी असेल तर चुलतआत्या बरी. सख्खीला कळवायचं नाही, हे ओघानं आलंच.

शनिवारी सकाळी जुळे सोलापुरात वास्तुशांत. नाश्त्याला चुरमुऱ्याची सुशीला मिळेल ती खाऊन घ्या, पुढं दिवसभर 'थोडंसंच वाढा' म्हणत भरपूर खायचं आहेच. मग घरमालक घर दाखवायला नेतील. मॉड्युलर किचन, पीओपी, देवघरातले दिवे, यावर फार वेळ घालवू नका. सोलापुरात घराची खरी शान जमिनीखाली असते. मालक चालता चालता सहज म्हणून अंगणात थांबले, की समजायचं हौद आला. झाकण उचलायला लावायचं, कंबरेत वाकून आत बघायचं आणि विचारायचं, "किती लिटरचा ओ?" आकडा काहीही सांगितला तरी "बाप रे" म्हणायचं. एवढ्यावर तुमची हजेरी लागली. पूजेला बसायची गरज उरत नाही. एखाद्यानं वर 'बोअरला पण पाणी आहे' असं सांगितलं, तर हात जोडले तरी चालतील.

दुपारी अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात लग्न. पत्रिकेत अक्षता १२ वाजून ३५ मिनिटांनी असतात आणि त्या वेळी नवरदेव गेटबाहेर मित्रांच्या खांद्यावर असतो. पारा ४३ अंशांवर, बँडवाले घामानं थबथबलेले, तरी वरात हलत नाही. वाट बघू नका. बाराला पोचायचं, मुलीच्या वडिलांना, पत्रिका घेऊन आलेल्या काकांना आणि व्हिडिओवाल्याला तोंड दाखवायचं. यातला तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा. पहिले दोघं त्या गर्दीत तुम्हाला विसरणार आहेत. व्हिडिओ मात्र दिवाळीत सगळा खानदान एकत्र बसून बघतो आणि कोण नव्हतं ते तिथं ठरतं. कॅमेरा वळला की अक्षता टाकल्यासारखा हात वर न्या. हातात तांदूळ असलेच पाहिजेत असं नाही.

'आहेर स्वीकारले जाणार नाहीत' असं पत्रिकेत छापलेलं असेल. त्याचा अर्थ पाकीट स्टेजवर न देता खाली द्यायचं.

तुम्ही मानाचे पाहुणे निघालात तर फेटा बांधून टॉवेल-टोपी देतील. फार मानाचे निघालात तर चादर. आता या चादरीविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुण्यात राहून लोक अडाणी होतात आणि ती उघडून वापरायला काढतात. सोलापुरी चादर म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू. जाड, वजनदार, नक्षीदार, धुऊन धुऊन वर्षानुवर्षं टिकणारी. आणि ती तुमच्या हातात पडते कधी, तर मे महिन्यात, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला असताना. म्हणूनच ती पांघरायची नसते, पुढं सरकवायची असते. लग्नात मिळालेली संध्याकाळी डोहाळजेवणाच्या घरी, तिथं मिळालेली रविवारी साठीशांतीला. प्लास्टिकचं आवरण फाडायचं नाही. कुणाकडून आली ते कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, नाहीतर ज्याची त्यालाच द्याल. शहरातल्या काही चादरींनी जेवढी लग्नं पाहिली आहेत तेवढी एखाद्या भटजींनीही लावली नसतील.

चादर विणणाऱ्यांच्या घरी जायचं कामही यादीत आहेच. शाळेतला मित्र, अशोक चौकाच्या बाजूला राहणारा. त्याच्यासाठी पंधरा मिनिटं ठेवा. त्याच्या घरात आजी तेलुगूत, बायको मराठीत आणि शेजारची मावशी कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारेल, जेवलात का. तिघींनाही मान डोलवायची. मग मित्र बोलायला लागेल. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, भोंग्यावर घड्याळ लावायचे. पुढं जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंगगिरजी गेली. वडिलांनी घरात माग टाकले, त्यातले निम्मे यानं भंगारात घातले, पोरगा पुण्यात आयटीत आहे. इथं सावध राहा. हा विषय पंधरा मिनिटांत आटपणारा नाही, आणि त्याचा बोलण्याचा सूर लागला की उठता येत नाही. माग भंगारात कसे गेले, इथपर्यंत गोष्ट आली की मोबाइल बघून "अरे, डोहाळजेवणाला पोचायचंय" म्हणायचं. फाटकापाशी दोन मिनिटं "एकदा निवांत ये बे" होईल. "पुढच्या टायमाला नक्की" म्हणायचं. दोघांनाही सवय आहे.

रात्री पार्क चौपाटीवर उरलेले चार मित्र एकदम उरकायचे. सुटे भेटलात तर एकेक जण तास तास घेतो, घोळक्यात दहा मिनिटांत फोटो होतो. फोटो काढा, पण स्टेटसला ठेवू नका. स्टेटस सगळ्यांत आधी आत्या बघते. नवी पेठेतून तर दिवसा चालूच नका. तिथं कोणीतरी "कवा आलायस बे?" म्हणून गाठतंच आणि संध्याकाळपर्यंत ती खबर रेल्वे लाइन्सपासून विजापूर रोडपर्यंत पोचलेली असते.

या धावपळीत चार पुतळ्यांच्या चौकातून तुमची रिक्षा दोन-तीनदा जाईल. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांचे ते पुतळे. ज्या गाडीनं आलात तिचं नावही त्यांच्यावरूनच. पण तेव्हा तुम्ही पाकिटात पाचशे एक घालायचे की अकराशे एक, या विचारात असाल. असू द्या.

रविवारी साठीशांत. तिथं एक वडीलधारे हमखास म्हणतात, "इथवर आलाव तर स्वामींचं दर्शन घेऊन जावा की, अक्कलकोट चाळीसच किलोमीटर तर हाय." दुसरे म्हणतात, तुळजापूर पण तेवढंच. भांडण लागायच्या आत एक निवडा आणि दुसऱ्यांना, तिथं जाऊनच आलो, म्हणून सांगा. देव चालवून घेतो, काका घेत नाहीत. गाभाऱ्यापर्यंत रांगेत थांबायला वेळ नसेल तर कळसाला हात जोडून प्रसाद तेवढा घ्या. घरी पुरावा प्रसादाचाच मागतात.

परतीच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि हिशेबात न बसलेली एक चादर असेल. भाकरी खाली ठेवली तर तिचा चुरा होतो, चटणी वर ठेवली तर तेल चादरीला लागतं, आणि तेल लागलेली चादर पुढं सरकत नाही. ती तेवढी घरात वापरा.

सोमवारी पहाटे साडेसहाची हुतात्मा. मोहोळ मागं पडेपर्यंत फोन वाजतोच. सख्खी आत्या. "आला हुतास म्हणं." तिला कुणी सांगितलं याचा शोध घेण्यात अर्थ नाही. रेंज नाही म्हणा, गाडीत आवाज आहे म्हणा, सगळं म्हणून बघा. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, "असू दे. पुढच्या महिन्यात बारसं हाय, तवा हिकडंच उतर." हो म्हणायचं. आणि फोन ठेवायच्या आत विचारून घ्यायचं, पाणी कुठल्या वारी आहे.