‘काखेत आग झाली आणि म्हणे विषं बाहेर पडताहेत’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय दोनदा वाचला. घरी डिओडरंट बनवायचा आमचा संच तुम्ही घेतलात. चौथ्या दिवशी काखा लाल होऊन आग व्हायला लागली, डबीतलं मलम वितळून तेल झालं, घाम थांबला नाही, आणि विचारल्यावर आमच्याकडून उत्तर आलं की ‘शरीरातली विषं बाहेर पडताहेत, आठवडाभर सहन करा’. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण मला स्वतःला तोच सगळ्यात जास्त लागला.

तो संदेश शोधून पाहिला. आमच्याकडूनच गेलाय, आणि साफ चुकीचा आहे. काखेतून विषं-बिषं बाहेर पडत नाहीत. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. कातडी लाल होऊन चुरचुरते तेव्हा तिला लावलेलं सोसत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. ‘लगेच लावणं थांबवा, साध्या पाण्याने धुवा’ असं सांगायला हवं होतं. आमच्या सांगण्यावरून तुम्ही आणखी तीन दिवस लावत राहिलात, त्याची मनापासून माफी मागते. चूक तो संदेश पाठवणाऱ्या मुलीचीही नाही. तिला हे कोणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवायचं काम माझं होतं.

आता आग का झाली ते. माझा संशय खायच्या सोड्यावर आहे. त्वचेचा पीएच, म्हणजे सामू, साधारण 5च्या आसपास असतो, थोडा आम्ल. सोड्याच्या पाण्याचा 8च्या वर जातो. बऱ्याच जणांना हा फरक सोसतो, काहींना अजिबात नाही, आणि नुकतंच केस काढलेल्या काखेत तर फारच झोंबतो. तुमचं वाचल्यावर त्याच खेपेतला एक संच उघडून मी घरी बनवायला बसले. सोडा बोटांच्या चिमटीत चोळून पाहिला तर बारीक वाळूसारखा कचकचीत लागला. तेलात तो विरघळत नाही, त्यामुळे ते कण काखेत तसेच घासले जातात. मग पत्रक वाचलं: ‘सोडा 2 चमचे’. सपाट की शीग लावून, त्याचा उल्लेखच नाही! मी शीग लावून दोन चमचे भरले आणि ते सपाट करून पुन्हा मोजले, तर जवळपास चार भरले. म्हणजे पत्रक पाळूनही तुमच्या डबीत दुप्पट सोडा गेला असू शकतो.

लॅव्हेंडरच्या सुगंधी तेलानेही काहींना ॲलर्जी येते, त्यामुळे नुसत्या वर्णनावरून मी खात्रीने बोट ठेवणार नाही. पण खोक्यावर ‘नैसर्गिक, कोणताही अपाय नाही’ छापलंय ते वाक्य काढतोय. खाजकुइलीही नैसर्गिकच असते.

नव्या पत्रकात सोडा अर्धा सपाट चमचा, तोही बारीक चाळून. नाजूक त्वचेसाठी सोडा पूर्ण वगळून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. ते पाण्यात फारच कमी विरघळतं म्हणून सौम्य पडतं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 48 तास थांबा. हे आधीही छापलेलं होतं, पण मागच्या पानावर, तळाशी. तिथे कोण वाचतं?

मलम वितळलं ते मात्र बिघडलेलं नाही. खोबरेल तेल साधारण 24 अंशांनाच पातळ होतं. थोडं मधमाशांचं मेण जास्त घातलं की डबी घट्ट राहते, कारण मेण वितळायला 60 अंशांच्या वर तापमान लागतं.

घामाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. घाम थांबवायला ॲल्युमिनियमचे क्षार लागतात. ते घर्मग्रंथींची तोंडं तात्पुरती बंद करतात. आमच्या संचात ते नाहीत आणि घाम थांबेल असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. (तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.) ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास सुटतो. डिओडरंटचं काम त्या वासापुरतं. संचातलं आरारूट थोडी ओल शोषतं, पण काख कोरडी ठेवणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

लाली अजून उतरली नसेल, कातडी सोलवटली असेल किंवा पाणी येत असेल तर कृपया त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि संचातल्या घटकांची यादी सोबत न्या. बनवलेलं मलम टाकून द्या. तुमचे पूर्ण पैसे परत करतोय, त्यासाठी फक्त ऑर्डर क्रमांक कळवा. डबी परत पाठवायची गरज नाही.