‘स्मार्ट हिरवं आहे ना, मग एसईएस कशाला?’

नागपुरातल्या सिस्टिम सांभाळणाऱ्या मंडळींत स्मार्ट (डिस्कची स्वतःची तब्येत-तपासणी), एन्क्लोजर (अनेक डिस्क बसवायची पेटी) आणि एसईएस (त्या पेटीचे पंखे, सप्लाय, तापमान यांची खबर देणारी सोय) यांबद्दल एक सल्ला फिरतोय: “डिस्कचं स्मार्ट ठीक असेल तर एन्क्लोजरही ठीकच. एसईएस ड्रायव्हर फक्त दिवे लुकलुकवायला. पॉवर सप्लाय दोन असतातच. खुशाल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो लोडच होऊ देऊ नका.” हा सल्ला चूक आहे, आणि आपल्या मे महिन्यात तर घातक.

स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःपुरती दिलेली खबर. आपण तापलोय एवढं ती सांगेल. पंखा थांबला म्हणून तापली की खोलीतला एसी बंद पडला म्हणून, हे तिला कळायचा मार्गच नाही. ते एन्क्लोजरमधल्या एसईएस प्रोसेसरला कळतं. त्याच्याकडून डायग्नोस्टिक पेज 02 (स्थितीचा अहवाल) मागवलं की प्रत्येक पंखा, सप्लाय, सेन्सर आणि स्लॉटची वेगळी स्थिती येते: ठीक, नॉन-क्रिटिकल, क्रिटिकल, किंवा बसवलेलंच नाही. तापमानाच्या बाइटमधून 20 वजा केले की सेल्सिअस. कच्चा आकडा 65 दिसला तर तिथे 45 अंश आहेत.

आता ‘सप्लाय दोन असतातच’. एक गेला तरी काहीच थांबत नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. मी सांभाळतो त्या 24 डिस्कच्या जेबॉडमधला (नुसत्या डिस्क भरलेल्या एन्क्लोजरमधला) एक सप्लाय कधी मेला, कुणालाच पत्ता नाही. खोलीला कुलूप, पिवळा दिवा मागच्या बाजूला. ऐन नवतप्यात दुपारी लाइट गेली, आली, आणि दुसरा सप्लाय उठलाच नाही. चोवीसच्या चोवीस डिस्क एका क्षणात गायब. आदल्या रात्री सगळ्यांचं स्मार्ट ‘पास्ड’ होतं!

दिव्यांनाही कमी लेखू नका. रेडमधली (डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्कमधली) एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून शेजारची चांगली ओढली, तर रेड-5 तिथेच संपतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 11.0 पासून असलेली सेसयुटिल ही कमांड कोणती डिस्क कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते दाखवते आणि त्याच स्लॉटचा दिवा लावते.

सल्ल्यातलं थोडं खरंही आहे. साध्या यूएसबी डबीत बहुधा एसईएस नसतंच, तिथे वाद नाही. लिनक्सचं एसईएस मॉड्यूलही (म्हणजे तो ड्रायव्हर) सिसएफएसमध्ये (हार्डवेअरची माहिती फायलींच्या रूपात दिसते तिथे) डिस्कचे स्लॉटच दाखवतं. पंखे आणि तापमान तिथे शोधून सापडत नाहीत. ते एसजी_एसईएस या कमांडने वाचावं लागतं, आणि मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं तरी ती चालते. पण मग कोणती डिस्क कोणत्या स्लॉटमध्ये हा सिसएफएसमधला दुवा जातो. शिवाय ‘ड्रायव्हर नको’ म्हणणारा पुढे ही कमांड चालवत बसेल, असं मला आजवर दिसलेलं नाही.

आमच्याकडे आता क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) दर पाच मिनिटांनी पेज 02 वाचतो. बसवलेल्या कुठल्याही भागाची स्थिती ‘ठीक’ सोडून दुसरी आली, की ड्युटीवर असलेल्याच्या मोबाइलवर मेसेज जातो.