आमच्या माळ्यावरचं गंगाळ

काल पारावर पुन्हा तोच विषय निघाला. सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तीचा दिवस, जवळ आला की निघतोच. एकानं रझाकारांचे, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांचे, जुलूम सांगितले, दुसऱ्यानं ठेवणीतलं वाक्य टाकलं, 'कोणताच धर्म हिंसा शिकवत नाही.' सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय मिटला. मला हे वाक्य आता ऐकवत नाही.

आमच्या धाराशिवकडच्या घरात माळ्यावर एक तांब्याचं गंगाळ पालथं पडलेलं असायचं. काठावर उर्दूत नाव कोरलेलं. आजीनं त्यात कधी पाणी काढलं नाही. 'शेजारचं हाय,' एवढंच म्हणायची. पार थकली तेव्हा एकदा सगळं बोलली. १९४८ साली भारताची फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत ते आजोबांनी उचलून आणलेलं. आणि ज्या घरातून आणलं, त्याच घरची बाई दोन लेकरं घेऊन आमच्या बळदात, म्हणजे घरातल्या धान्याच्या कोठारात, तीन रात्री बसून होती. भादव्याचे दिवस, बळद रिकामंच. आजी वरून भाकरी सोडायची. आजोबांना पत्ता नव्हता.

दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. दोघंही आषाढीला पंढरीला जायचे.

रझाकारांनी केलं ते भयंकरच होतं, त्यात मला काडीची सूट द्यायची नाही. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील. पण त्यांच्याविरुद्ध 'इमरोज'मध्ये लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. महिनाभरात निजाम शरण आला, आणि मग गावोगावी उलटा सूड सुरू झाला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज मांडला. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच केला नाही. झेंडावंदनाच्या भाषणात मी त्याचं नाव एकदाही ऐकलेलं नाही.

आणि १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या, नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा तर समोर मुसलमान नव्हतेच. जमीन, मान, जुनं वैर, शेजाऱ्याच्या भांड्यांवरची नजर, हे सगळं आधीपासून असतं. धर्म त्याला परवानगी देतो. आजोबा ते गंगाळ घेऊन आले आणि संध्याकाळी हरिपाठाला बसले, हे आजीनंच सांगितलं. देवाचं काम केल्यासारखं वाटल्याशिवाय असं बसवतं का माणसाला?

पण त्याच हरिपाठानं आजीला बळदाचं तोंड झाकायला लावलं. मी तिला विचारलं होतं, भीती नाही वाटली? म्हणाली, 'वाटली की. पण माळ घातली होती ना बाबा.' म्हणून 'धर्मच सोडा' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही.

यंदा झेंडावंदन झालं की ते गंगाळ मी पारावर नेऊन ठेवणार आहे. त्यावरचं नाव वाचता येणारे गावात एकच चाचा उरलेत. त्यांना या म्हणून सांगून आलोय.